नाना पाचलाच म्हणाले होते: शिडाच्या बोटीतून पहिल्यांदा मुंबई–गोवा करताना

कुलाब्याच्या क्लबात डिंगी (छोटी शिडाची होडी) शिकून झाली, हार्बरमधल्या दोन-चार शर्यती पदरात पडल्या, की कोणीतरी विचारतंच, “गोव्याला येतेस का? क्रूमध्ये एक जागा आहे.” मीही अशीच हो म्हणून मोकळी झाले होते. पुढे रत्नागिरीच्या बाहेर, रात्री दोनच्या सुमाराला कॉकपिटच्या, म्हणजे बोटीतल्या उघड्या बैठकीच्या, कोपऱ्यात बादलीला मिठी मारून बसले असताना कळलं, की गेटवेसमोर शीड हाकणं वेगळं आणि उघड्या समुद्रात दोन रात्री काढणं वेगळं.

त्या रात्री वादळ नव्हतं, हे आधीच सांगते. वारा २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर. मुरलेली माणसं याला ‘मस्त वारा’ म्हणतात. पण अंधार, ओकारी, ओले कपडे आणि आखूड, उभ्या लाटा एकत्र आल्या की नवख्याला तेच तुफान. बोटीवर रेवदंड्याकडचे एक नाना होते, सगळी हयात मचव्यावर गेलेली. संध्याकाळी पाचलाच ते म्हणाले, “ताई, शीड आता आवळून घ्या. मग हात पुरायचे नाहीत.” आम्ही आठपर्यंत थांबलो. पाचला जे काम दहा मिनिटांत झालं असतं, त्याला आठनंतर पाऊण तास लागला आणि एकाच्या बोटाचं नख गेलं.

पाच ते आठ या तीन तासांत काय करायला हवं होतं, तेच खाली लिहिलं आहे. काही गोष्टी मात्र त्या तीन तासांच्याही बऱ्याच आधीच्या आहेत.

आधी हंगाम, मग तारीख

मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सुमारे २३० सागरी मैल. सरासरी ५ नॉटने गेलात तर ४६ तास. म्हणजे दोन रात्री नक्की.

जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँचसुद्धा बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधवांच्या होड्या बाहेर पडलेल्या बघून काहींना हुरूप येतो. पण त्या इंजिनावर जातात, खाडीचं तोंड त्यांना पाठ असतं, आणि ऑगस्टचा समुद्र अजून मोठाच असतो. त्यांचं वेळापत्रक आपलं नव्हे.

खरे फसवे महिने म्हणजे मे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर. आकाश स्वच्छ, वारा मंद, आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळं नेमकी मॉन्सूनच्या आगेमागे जन्माला येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. क्यार २०१९ च्या ऑक्टोबरअखेरचं, निसर्ग ३ जून २०२० चं, तौक्ते मे २०२१ चं. पहिल्या सफरीसाठी डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ धरा.

या काळात कोकण किनाऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारपासून वायव्येचा खारा वारा, सूर्य बुडाला की हळूहळू पडतो. हा क्रम मोडला तर कान टवकारायचे. वायव्येचा वारा दिवे लागल्यानंतरही पडला नाही, उलट चढत राहिला, तर ती नेहमीची खारी झुळूक नाही. हिवाळ्यात अरबस्तानाकडून येणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला आणि मुंबईत एकदम कपाटातले स्वेटर निघाले, की बहुधा समुद्रावर वायव्येचा जोर असतो. आमच्या त्या रात्री हेच झालं होतं. आदल्या दिवशी टॅक्सीवाला मफलर गुंडाळून बसला होता, तेव्हाच समजायला हवं होतं.

आणखी एक. जाताना हाच वायव्येचा वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर. २० नॉट वाऱ्यात ६ नॉटने दक्षिणेला चाललात तर अंगावर १४-१५ नॉटच लागतात, टी-शर्टवर बसता येतं. त्याच वाऱ्यात उत्तरेला वळा, २४ लागतील, आणि बोट प्रत्येक लाटेवर आपटेल. ‘जाताना काहीच वाटलं नाही’ म्हणणारे परतीला रडकुंडीला येतात ते यामुळे. पहिल्या वेळी फक्त जा. परत बसने या.

अंदाज वाचताना

भारतीय हवामान विभागाचं सागरी बुलेटिन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज, हे दोन्ही निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघायला लागा. फोनवरच्या ॲपमध्ये अमेरिकन आणि युरोपियन अशी दोन्ही मॉडेल्स उघडून ताडून पाहा. दोन्ही एकच सांगत असतील तर ठीक. एक १५ म्हणतंय आणि दुसरं २५, तर सरासरी काढून २० धरू नका. हवामानाचं अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. वाऱ्याचा आकडा सरासरीचा असतो. झोत त्याहून तीस-चाळीस टक्क्यांनी जोरात येतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ चे ३० नॉट झाले की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. लाटांची जी उंची देतात, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाज २ मीटरचा असेल तर रात्रभरात कधीतरी जवळपास ४ मीटरची एखादी येणार, आणि ती आली की ‘अंदाज चुकला’ म्हणायचं नाही.

उंचीपेक्षा मी आता लाटांचा कालावधी आधी बघते. दोन लाटांमध्ये १२ सेकंद असतील तर २ मीटरची लाट म्हणजे पाळणा. ५ सेकंद असतील तर तीच २ मीटर म्हणजे एकामागून एक येणाऱ्या भिंती.

समुद्रावर गेल्यावर इंटरनेट नसतं, तेव्हा बॅरोमीटर. आपल्याकडे हवेचा दाब रोजच्या रोज भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चार आणि पहाटे चारला कमी, फरक साधारण ३ हेक्टोपास्कल. म्हणून दर चार तासांनी आकडा वहीत लिहायचा आणि कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडायचा. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा ३ ने खाली असेल तर सावध. ५ ने खाली असेल तर जवळपास चक्रीवादळ आहे असं समजून बंदर गाठायचं. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर उत्तर गोलार्धात वादळाचा मध्य तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे असतो. नवख्याला वादळाबद्दल एवढं पुरे. त्यातून बोट कशी काढायची ते शिकण्यापेक्षा त्याच्या वाटेला न जाणं शिका.

पहिल्या सफरीला माझी मर्यादा: अंदाजात २० नॉटच्या वर काही दिसलं तर निघायचं नाही. आणि गोव्याहून परतीचं विमानाचं तिकीट आधी काढायचं नाही. तिकीट खिशात असलं की २२ चे २० वाचले जातात.

नांगरावर असतानाची तालीम

बोटीवर पोहोचलात की खाऊचे डबे लावण्याआधी मेनसेल (मुख्य शीड) उभारून रीफ करून दाखवायला सांगा. रीफ म्हणजे शीड खालून आखडून लहान करणं. नाना ज्याला आवळणं म्हणतात ते. स्किपरला राग आला तरी चालेल. प्रत्येक बोटीचे दोर वेगळ्या वाटेने जातात, ते अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका.

साधा क्रम असा. मेनशीट (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, आवरणारा दोर) आणि किकर (बूम खाली ओढून धरणारा दोर) ढिले करा, म्हणजे शिडातला वारा निघून जाईल. टॉपिंग लिफ्ट (बूम वरून तोलून धरणारा दोर) घट्ट करा, नाहीतर बूम डोक्यावर येईल. हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) खुणेपर्यंत सोडा. शिडाच्या पुढच्या काठावरचं कडं हुकात अडकवा. हॅलयार्ड पुन्हा कडक ओढा. मग मागच्या काठाचा रीफचा दोर ओढा, शिडाचा खालचा काठ बूमवर सपाट बसेपर्यंत. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, किकर आणि शीट पुन्हा आवळा. लोंबणारं कापड नंतर बांधलं तरी चालतं.

त्या ‘खुणेपर्यंत’ शब्दावर सगळी भिस्त आहे. हॅलयार्डवर पहिल्या आणि दुसऱ्या रीफच्या जागी जाड मार्करने पट्टे ओढून ठेवा, किंवा रंगीत दोऱ्याचे टाके घाला. टॉर्चच्या उजेडात निळा मार्कर दिसत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. आमच्या त्या पाऊण तासातली वीस मिनिटं हॅलयार्ड कमी सुटला की जास्त, यावर आरडाओरडा करण्यात गेली होती. खूण नव्हती.

त्याच दिवशी जॅकलाईन बांधा. कॉकपिटपासून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंनी सपाट, मजबूत पट्टा. बोटीच्या मधल्या भागाच्या जितका जवळून जाईल तितका बरा. खाली केबिनमध्ये फरशा लॉक, बॅटऱ्या पट्ट्याने आवळलेल्या, सुरीचा खण बंद, बिल्ज पंपाची (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) दांडी दोरीने जागेवर बांधलेली. झोपायच्या बाकाला पडून राहण्यासाठी कापडी आडोसा लागतो. तो आहे का पाहा, नसेल तर चादरीचा करा.

पोट

बोट लागते, यात लाज नाही. आयुष्य नौदलात काढलेल्यांनाही लागते. एव्होमाईन किंवा स्टुजरॉनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, आणि आदल्या रात्रीपासून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहा. काहींना इतकी गुंगी येते, की त्यापेक्षा ओकारी परवडली.

आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. निघण्याच्या दिवशी मिसळ नको. दशम्या, मऊ भात-मेतकूट, केळी, चुरमुरे असलं पोटात राहतं. ओआरएसची पाकिटं भरपूर. वारा चढणार असं दिसलं की तो चढण्याआधीच थर्मासमध्ये चहा आणि कुकरमध्ये खिचडी करून ठेवायची. कुकर झाकणासकट ठेवला की उलटला तरी सांडत नाही. नंतर गॅसजवळ कोणी जाणार नसतं.

मळमळ वाटली की वर या, क्षितिजाकडे बघा, सुकाणू मागून घ्या. सुकाणू हातात असताना निम्मी मळमळ जाते. ओकायचं तर बादलीत. काठावरून वाकून नाही. पुरुषमंडळींना खास सूचना: काठावर उभं राहून लघवी करायची नाही, खाली जाऊन बसून करा. हसू येतं, पण माणसं समुद्रात पडतात ती अशाच वेळी.

कमरेचा पट्टा

अंधार पडला, पहिला रीफ घेतला, किंवा डेकवर एकटे असलात, तर हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षापट्टा, जॅकलाईनला अडकवलेलाच हवा. केबिनच्या पायऱ्यांवर उभं राहूनच, बाहेर यायच्या आधी हूक लावायचा. खाली उतरताना पायरीवर आल्यावरच सोडायचा. वाऱ्याकडच्या बाजूला अडकवायचा, म्हणजे घसरलात तरी बोटीच्या आतच पडाल. हार्नेस आणि हूक जोडणारा पट्टा म्हणजे टेदर. तो दोन टोकांचा घ्या, एक आखूड, एक लांब, आणि शक्यतो आखूडच वापरा. लांब टेदरवर माणूस कठड्याबाहेर लोंबकळू शकतो, आणि चालत्या बोटीच्या कडेने फरफटणं हे पोहण्यापेक्षा वाईट.

६ नॉटने चाललेली बोट एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते. २ मीटरच्या लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे तरंगतं शहाळं. कोणी पडलंच, तर एकाने फक्त हाताने त्याच्याकडे दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही, दुसरं कुठलंही काम करायचं नाही. दुसऱ्याने जीपीएसवरचं माणूस-पडल्याचं बटण दाबायचं आणि हाताला लागेल ते तरंगणारं फेकायचं. ही तालीम मांडव्यासमोर नारळ टाकून करता येते. आम्ही तीनदा केली, दोनदा नारळ गमावला.

रीफ कधी

मनात पहिल्यांदा येतं तेव्हा. तीस-पस्तीस फुटी बोटीला साधारण १५ ते १८ नॉटला पहिला, २२ ते २५ ला दुसरा. पण आकड्याआधी बोट सांगते. सुकाणू जड लागायला लागलं, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते, वाऱ्याआडचा कठडा पाण्याला टेकतो: शीड जास्त झालं. रीफनंतर वेग पडेल असं वाटतं. बहुतेक वेळा पडत नाही. बोट उभी होते आणि तेवढंच अंतर कमी आदळआपट करत कापते.

खरा सापळा दक्षिणेला जाताना आहे. वारा पाठीवर असल्याने २५ नॉट आहेत हे कळतच नाही. अंगावर १८ लागतात. सगळे खूश, कोणी गाणीही लावतं. मग काही कारणाने वळावं लागतं, समोर जाळ्याचा झेंडा दिसतो किंवा ट्रॉलर आडवा येतो, आणि बोट वाऱ्याकडे फिरताच पूर्ण शिडावर तीस नॉट आदळतात. म्हणून पाठीवर वारा घेऊन जाताना ‘आत्ता या क्षणी वळले तर किती शीड पेलेल?’ हा प्रश्न दर तासाला विचारा आणि तेवढंच शीड ठेवा. शंका असेल तर सूर्यास्ताआधी एक रीफ घेऊनच टाका. रात्री वारा पडला तर अर्धा नॉट गमावाल, बस.

पाठीवरच्या वाऱ्यात दुसरी भीती बूमची. लाटेने बोट तिरकी झाली की बूम एका बाजूकडून दुसरीकडे झाडूसारखा फिरतो, आणि मध्ये डोकं असेल तर त्याचा विचार करत नाही. बूमच्या टोकापासून पुढे नाळेकडे दोर बांधून तो अडकवून ठेवायचा. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. तोही उजेडातच बांधायचा.

तरीही वाढतच राहिला तर

तिसरा रीफ झाला, पुढचं शीड रुमालाएवढं उरलं, क्रू थकला. आता वेग विसरायचा. नवख्यांनी शिकून ठेवावा असा एकच डाव सांगते: हीव्ह-टू. बोट समुद्रात उभी करून ठेवायची.

पुढचं शीड लहान, मेनसेल रीफ केलेलं. वाऱ्याला जवळ धरून चला आणि हळू टॅक घ्या, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवा, पण पुढच्या शिडाची शीट (त्याला आवरणारा दोर) सोडू नका. बोट वळेल, पुढचं शीड उलट्या बाजूने फुगेल. ते नाळेला खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, ढकलणार. आता चाक वाऱ्याकडे पूर्ण फिरवून अडकवा. टिलर (दांडीचं सुकाणू) असेल तर वाऱ्याआडच्या बाजूला ढकलून बांधा. मेनसेल नाळेला वर, वाऱ्याकडे, आणायला बघतं, उलटं शीड खाली ढकलतं, दोघांच्या भांडणात बोट जागच्या जागी डुलत राहते. नाळ वाऱ्यापासून ४५ ते ६० अंशांत स्थिरावेपर्यंत मेनशीट थोडी मागेपुढे करा.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं, वाराच पडला. आवाज एकदम खाली येतो. पाच मिनिटांपूर्वी डबे उडत होते आणि आता ओट्यावर कप ठेवला तर जागेवर राहतो. बोट आडवी सरकते आणि वाऱ्याकडच्या बाजूला गुळगुळीत पाण्याचा पट्टा मागे सोडते. त्या पट्ट्यात येऊन लाटा बऱ्याचशा विरतात. खिचडी खा, दोघांनी पहारा करा, बाकीच्यांनी झोपा.

पण ती सरकते, हे विसरायचं नाही. तासाला दीड मैल धरला तर १२ तासांत १८ मैल. कोकणात वायव्येचा वारा तुम्हाला आग्नेयेला, म्हणजे किनाऱ्याकडेच ढकलतो. म्हणून वारा उजव्या बाजूने येईल असं उभं राहा, म्हणजे नाळ पश्चिमेला, समुद्राकडे राहते. आणि म्हणूनच सगळा मार्ग किनाऱ्यापासून २०-२५ मैल बाहेरून आखायचा. लायटी दिसतात म्हणून पाच-सहा मैलांवरून जाण्याचा मोह होतो. तिथे जाळी जास्त, होड्या जास्त, आणि काही बिघडलं तर विचार करायला तासच उरत नाही.

लाटा फुटायला लागल्या तर एक गोष्ट टाळा: बोट आडवी पडू देऊ नका. बोटीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी फुटती लाट बाजूने बसली तर बोट लोळवू शकते. ३५ फुटी बोटीसाठी ती लाट साडेतीन मीटरच्या आसपास. अशा वेळी नाळ किंवा पिछाडी लाटेकडे हवी. पिछाडी देऊन पळायचं तर वेग आवरायला मागे दोर सोडतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा दक्षिण महासागरातल्या वादळांत त्यांनी बोटीच्या मागे जाड दोराचं लांबलचक वेटोळं सोडूनच ती सांभाळली. ती ३२ फुटी सुहेली मुंबईत बांधलेली, सागवानाची. हे सांगताना आम्हा कुलाबेकरांची मान जरा ताठ होते, चालवून घ्या.

बंदर दिसतंय म्हणून आत शिरू नका

या मार्गावर आडोसे आहेत: दिघी, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. जयगड आणि विजयदुर्ग आत शिरलात की चांगले निवांत. पण निर्णय लवकर, म्हणजे उजेड असताना आणि अंगात त्राण असताना घ्यायचा. कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून लाटा येतायत, अशा वेळी त्या तोंडावर पांढरा फेस उभा राहतो. समुद्रात जी बोट रात्रभर तगली असती, ती तिथे पाच मिनिटांत आडवी होते. अनोळखी खाडीत रात्री, मोठ्या लाटांत, ओहोटीला शिरायचं नाही. बाहेर हीव्ह-टू करून उजाडायची आणि भरतीची वाट पाहायची. किनारा दिसत असताना त्याच्याकडे पाठ करणं फार जिवावर येतं. घरी फोन लागत असतो, बंदरातले दिवे दिसत असतात. तरी वळायचं.

मदत आणि राफ्ट

किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांपुढे मोबाइलचा भरवसा नाही. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ सतत चालू. जीव धोक्यात असेल तर मेडे, तातडी आहे पण जीव धोक्यात नाही तर पॅन-पॅन. बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालं, माणसं किती, या क्रमाने सांगा. हा मजकूर कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून रेडिओशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटीचं नावही आठवत नाही. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा टोल-फ्री क्रमांक १५५४ घरच्यांनाही देऊन ठेवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तो फिरवायचा, तेही.

ईपर्ब, म्हणजे उपग्रहाला संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र, हवाच, आणि त्याची नोंदणी झालेली हवी. उपग्रहाने पकडलेला त्याचा इशारा भारतात बंगळुरूच्या केंद्रात येतो. सॅटेलाइट फोन किंवा खिशातलं सॅटेलाइट संदेशयंत्र परदेशातल्या मित्राकडून मागवण्याआधी थांबा. परवानगीशिवाय ते आपल्याकडे बाळगता येत नाही, आणि विमानतळावर त्यापायी लोकांना अडकवलेलं आहे.

राफ्टबद्दल, म्हणजे बोट सोडताना वापरायच्या फुगणाऱ्या तराफ्याबद्दल, एकच. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, आणि त्यातल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. घाबरलेल्या क्रूला राफ्ट सुरक्षित वाटतो, पण बोट बहुधा माणसांपेक्षा जास्त सोसते. पाय उचलून वर चढूनच राफ्टमध्ये जावं लागेल, इतकी बोट खाली गेलेली असेल तेव्हाच ती सोडा. सप्टेंबर २०१८ मध्ये कमांडर अभिलाष टॉमी यांच्या थुरिया बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, उठताही येत नव्हतं. तीन दिवस ते त्या मोडक्या बोटीतच होते, आणि तिथूनच फ्रेंच मासेमारी गस्ती जहाजाने त्यांना उचललं.

झोप आणि थंडी

तीन तास पहारा, मग विश्रांती. चार जणांत दोन-दोनच्या जोड्या. झोप आली नाही तरी आडवं व्हायचं. आम्ही त्या रात्री ‘सगळेच जागे राहू’ म्हणालो आणि पहाटे चारला एकही माणूस विचार करण्याच्या अवस्थेत नव्हता. आणि मुंबईकरांनो, जानेवारीत रत्नागिरीच्या बाहेर ओल्या टी-शर्टवर २५ नॉट वारा अंगावर घेऊन बघा, दात वाजतात. वॉटरप्रूफ जाकीट भिजायच्या आधी चढवायचं, भिजल्यावर नाही.

उजाडल्यावर

वारा पडला की सगळ्यांना फक्त झोपायचं असतं. आधी एक फेरी मारा. दोर कुठे घासून केसाळ झालेत का, शॅकलच्या (जोडकड्यांच्या) पिना सैल झाल्यात का, डोलकाठीच्या ताणतारांच्या तळाशी स्प्लिट पिना जागेवर आहेत का. डेकवर एखादी पीन किंवा नट सापडला तर तो कुठून आला ते कळेपर्यंत शीड वाढवू नका. बिल्जमधलं पाणी बोटाला लावून चाखा. खारट असेल तर कुठून येतंय ते शोधा. गोडं असेल तर पिण्याची टाकी गळतेय, आणि गोव्यापर्यंत चहा बेताने करायचा. वहीत वेळ, दाब, वारा, किती शीड होतं, ते लिहा. पुढच्या वेळी रीफ कधी घ्यायचा हे त्यावरून ठरतं.

मुरगावला पोहोचल्यावर नानांनी आधी सगळे हार्नेस गोळा केले आणि हुका एकेक करून गोड्या पाण्याच्या बादलीत उघडझाप करत धुतल्या. मी म्हटलं, नाना, जेवून करू की. ते म्हणाले, “जेवून झोपशील. मीठ बसलं की मग हूक उघडत नाही.” मी बादलीशेजारी बसून उरलेल्या चार धुतल्या.